मास्तरांच्या संथ पेशी

हातमोजे घालताना माणूस कळतो, असं अक्कांचं म्हणणं होतं. वर्षातून तीनदा पाच-पाच संशोधक त्यांच्याकडे तीन आठवड्यांसाठी शिकायला यायचे, आणि पहिल्या सकाळी अक्का हातमोज्यांचा खोका पुढे सरकवून नुसत्या बघत बसायच्या. कुणी एका झटक्यात मोजा चढवायचा आणि अंगठ्यापाशी फाडायचा. कुणी आधी आत फुंकर मारायचा. म्हणजे ह्या गृहस्थानं निर्जंतुक हा शब्द फक्त वाचलाय. कुणी मापाचा सापडेपर्यंत चार काढून बघायचा आणि नको असलेले तीन गुपचूप परत कोंबायचा. अक्का बोलत काहीच नसत. नोंद मात्र होऊन जायची, आणि तीन आठवड्यांनी ती खरी निघायची.

अक्का प्राध्यापक नव्हत्या की डॉक्टर नव्हत्या. बावीस वर्षांपूर्वी काचेची भांडी धुवायला म्हणून ह्या संस्थेत आल्या, आणि मानवी भ्रूणातल्या मूलपेशी कशा जगवायच्या हे लोकांना शिकवणारी बाई होऊन बसल्या. संस्थेच्या आत्ताच्या प्रमुख मॅडम त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. चारचौघांत अक्का त्यांना ‘मॅडम’ म्हणायच्या, दार लागलं की ‘अगं’.

ह्या खेपेच्या पाचांत एक डॉक्टरीणबाई होत्या, एकाच कॉलेजातून आलेल्या आणि एकमेकींची वाक्यं पुरी करणाऱ्या दोन मुली होत्या, आणि एक तरणाबांड पोरगा होता, जो प्रश्न संपायच्या आत उत्तर देई. त्याचं नाव दुपारच्या चहापर्यंत ‘एक्स्प्रेस’ पडलं. पाचवे मास्तर. वय एकोणपन्नास, चोवीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेलं. त्यांच्या कॉलेजात नवी प्रयोगशाळा निघणार होती आणि सांभाळायला माणूस एकच, तो हा. मास्तरांनी हातमोजा घालण्यापूर्वी खोक्यावरची बारीक अक्षरातली सूचना चष्मा कपाळावर चढवून संपूर्ण वाचली. अक्कांनी मनात लिहिलं : भला माणूस, हात जड.

“ह्या पेशी कुठून आल्या ते आधी ऐका,” अक्का नेहमीप्रमाणे उभ्या राहून म्हणाल्या. “कुणा एका जोडप्यानं मूल व्हावं म्हणून उपचार घेतले. त्यांना मुलं झाली. एक भ्रूण उरला, पाच दिवसांचा, नुसत्या डोळ्याला धड न दिसणारा. तो त्यांनी समजून-उमजून, सही करून दिला. ती माणसं कोण, ते आपल्याला ठाऊक नाही आणि विचारायचंही नाही. पण कुणी काही दिलंय, तर ते आपल्या आळसानं मरता कामा नये. ह्या पेशींना रविवार नसतो. रोज खायला घालायचं, म्हणजे हा गुलाबी द्रव, माध्यम, बदलायचं. अंगात ताप असला तरी यायचं.”

“आणि त्या वाढून नक्की काय होतात?” एक्स्प्रेसनं विचारलं.

“हृदय, मेंदू, हाड, कातडी, म्हणाल ते व्हायची ताकद आहे त्यांच्यात. आपलं काम एवढंच, की त्यांना काहीही होऊ द्यायचं नाही.”

सगळे हसले. हे वाक्य अक्का दर वर्गाला टाकत आणि दर वर्ग हसत असे.

मग त्या गोठवलेल्या पेशींच्या कुप्या घेऊन आल्या. उणे दोनशेच्या आसपास थंड असलेल्या टाकीत शिकवणीच्या पेशींच्या चारच कुप्या शिल्लक निघाल्या होत्या, म्हणून पाचवी त्यांनी खालच्या जुन्या डब्यातून घेतली. त्याच पेशी, फक्त दीड वर्ष आधी गोठवलेल्या. अक्कांच्या लेखी त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. ती कुपी मास्तरांकडे गेली.

पेशींचं वय वर्षांत मोजत नाहीत. डिश भरली की पेशींचे झुबके सोडवून ते नव्या डिशांत वाटायचे. ह्या वाटणीला पॅसेज म्हणतात, आणि पेशींचे असे किती पॅसेज झाले तेवढं त्यांचं वय. चौघांच्या कुप्यांवर एकसष्टचा आकडा होता, मास्तरांच्या कुपीवर बेचाळीसचा.

अक्कांची एक पद्धत होती, आणि तिचा त्यांना अभिमान होता. दर वर्गाच्या अखेरीस ज्याची डिश सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत भरघोस भरेल, त्याच्या पेशी पुढच्या वर्गासाठी गोठवायच्या. ‘मानाची डिश’ म्हणत तिला. त्या डिशसाठी मोठमोठे पदवीधर सकाळी सातला येऊन दाराशी उभे राहिलेले अक्कांनी पाहिले होते. वर्गागणिक पेशी अशा गुणी होत गेल्या होत्या की विचारता सोय नाही. पूर्वी नवशिक्यांच्या हातून निम्म्या डिशा मरायच्या; आता कुणाचीच मरत नसे. “पेशींना वळण लावलंय मी,” अक्का म्हणायच्या, आणि ऐकणाऱ्याला ते खरंच वाटायचं.

शुक्रवारी, पाचव्या दिवशी, चार डिशा भरल्या. एक्स्प्रेसची तर गुरुवारी संध्याकाळीच भरली होती आणि ते त्यानं सगळ्या मजल्याला सांगितलं होतं. मास्तरांच्या डिशमध्ये मात्र इकडे एक ठिपका, तिकडे एक ठिपका.

अक्का सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. “मास्तर, काल खायला घातलंत का?”

“घातलं ना. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. वहीत आहे.”

“वहीत असेल हो. डिशमध्ये दिसत नाहीये.”

“माध्यम कोमट करून घेतलं होतं. सदतीस अंश. तेही वहीत...”

“मास्तर, वही वाढवायला आलात की पेशी?”

बिचारे मास्तर कानापर्यंत लाल झाले. अक्कांनी पुन्हा एकदा वाकून पाहिलं. ठिपके लहान होते, पण कडा गुळगुळीत, पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. एकही पेशी फटकून, पसरून बसलेली नव्हती. “दिसायला बऱ्या आहेत,” त्या म्हणाल्या. “पण नुसत्या दिसण्याला काय करायचंय?”

मास्तरांची डिश रविवारी भरली, आणि वाटणीला पुढचा सोमवार उजाडला. बाकीचे तोवर दुसऱ्या वाटणीच्या तयारीला लागलेले. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मास्तर अक्कांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“अक्का, एक विचारू? रागावणार नसाल तर.”

“रागावायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवते.”

“माझ्या वर्गात एखादा मुलगा सारखा मागं पडायला लागला, की मी त्याला आठवडाभर दुसऱ्या मास्तरांच्या वर्गात बसवतो. मुलगा मागं आहे की मी, ते कळतं. तर माझ्या पेशींतल्या अर्ध्या तुम्ही सांभाळाल का? आणि तुमच्यातल्या थोड्या मला द्याल? माझे हातच खराब असतील, तर आताच कळलेलं बरं. तिकडे गेल्यावर मला सांगायला कुणी नाहीये.”

अक्कांना माणूस आवडला. हातांबद्दलचं मत त्यांनी बदललं नाही, पण चौघांच्या वाटणीत उरलेल्या पेशींची जी डिश त्यांच्याकडे होती, तिच्यातल्या थोड्या देऊन अदलाबदल केली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. शुक्रवारी सकाळी मास्तरांच्या जड हातांतल्या अक्कांच्या पेशी डिशच्या काठापर्यंत पोचल्या होत्या. आणि अक्कांच्या बावीस वर्षांच्या सराईत हातांतल्या मास्तरांच्या पेशी? इकडे एक ठिपका, तिकडे एक ठिपका.

एक्स्प्रेस त्यांच्या खांद्यावरून डोकावला. त्याला राहवलं नाही. “अक्का, काल खायला घातलंत का?”

डॉक्टरीणबाईंना ठसका लागला. दोघी मुली एकमेकींच्या मागे लपल्या. अक्का स्वतःही हसल्या, मोठ्यानं हसल्या, पण हसू आटोपल्यावर पाहतात तो मास्तर हसत नव्हते. ते वही उघडून उभे होते.

“अक्का, तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलंत की दर दहा पॅसेजला पेशींची गुणसूत्रं मोजून घ्यायची. नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नाही. मी शब्दन् शब्द उतरवून घेतलंय. ह्या शिकवणीच्या पेशींची शेवटची मोजणी कितव्या पॅसेजला झाली होती?”

“बघून सांगते,” अक्का म्हणाल्या.

बघायची काही गरज नव्हती. अडतिसाव्याला. दोन वर्षांपूर्वी. त्यानंतर गरज वाटली नव्हती, कारण अक्कांचे डोळे होते ना. नियम शिकाऊ लोकांसाठी होता.

संध्याकाळी जेवताना त्या गप्प होत्या. त्यांच्या यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. बोलण्याची सगळी हौस ते घरी येऊन भागवत, कारण दुकानात कान टिकटिकीकडे ठेवावे लागत.

“काय गं, आज स्वारी मौनात?”

“काही नाही हो. एका माणसाच्या पेशी हळू वाढतायत.”

“बाकीच्यांच्या?”

“भरभर.”

“मग कोण बरोबर?”

“म्हणजे काय? भरभर वाढतात त्या बरोबर.”

यजमानांनी घास थांबवला. “आमच्या धंद्यातली गंमत सांगतो. घड्याळ मागं पडलं की माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. पुढे पळणारं घड्याळ वर्ष-वर्ष कुणी आणत नाही. उलट खूश असतात, ऑफिसला वेळेवर पोचतो म्हणून. बिघाड दोन्हींत सारखाच. पण पुढे पळणाऱ्याची तक्रार कोण करणार?”

अक्कांचा हात ताटातच राहिला.

पेशी दुभंगताना क्वचित चूक होते. एखाद्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती एकीकडे जातात. बहुतेकदा अशी पेशी मरते. पण काही गुणसूत्रं अशी आहेत की त्यांची जादा प्रत मिळाली तर पेशी मरत तर नाहीच, उलट सोकावते, बाकीच्यांपेक्षा भरभर दुभंगते, कशानंही मरत नाही. डिशमध्ये ती दिसते उमदी. आणि दर वर्गाच्या अखेरीस सगळ्यांत उमदी, सगळ्यांत भरभर वाढलेली डिश निवडून, तिला मान देऊन, पुढच्या वर्गासाठी जपून ठेवणारा हात कुणाचा? हे सगळं अक्का दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवायच्या. परवाच शिकवलं होतं.

वर्गाचं एवढं काही नव्हतं. शिकाऊ डिशा शेवटी फेकूनच द्यायच्या. पण गेल्या दीड वर्षात अक्कांनी ह्याच पेशी नऊ प्रयोगशाळांना दिल्या होत्या. कुणी त्यातून हृदयाच्या पेशी करत होतं, कुणी डोळ्याच्या पडद्यावर काम करत होतं. पेशी बिघडलेल्या असतील तर नऊ ठिकाणची वर्ष-वर्षाची मेहनत पाण्यात, आणि पाण्यात घालणाऱ्या अक्का.

शनिवारी सकाळी त्यांनी दोन्ही डिशा उचलल्या आणि वरच्या मजल्यावर गुणसूत्रवाल्या बाईंकडे नेल्या. दोघी एकाच वर्षी संस्थेत लागलेल्या.

“तुझ्या पेशी?” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “सूर्य कुठं उगवला आज?”

“किती दिवस लागतील?”

“बारा.”

“पाच दिवसांत दे. पाया पडते.”

बाईंनी थट्टा तिथंच थांबवली. अक्का पाया पडते म्हणाली म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “गुरुवारी ये,” त्या म्हणाल्या.

तिथून अक्का थेट मॅडमच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मधल्या जिन्यात दोन-चार पायऱ्या अशाही आल्या होत्या की जिथं त्यांना वाटलं, अहवाल येईपर्यंत कशाला बोला. पण जिना लहान होता.

मॅडमनी ऐकून घेतलं. “अक्का, नक्की काय ते कळेपर्यंत कुणाला घाबरवायला नको. गुरुवारपर्यंत थांबू.”

“अगं, नऊ ठिकाणी...”

“नऊ ठिकाणी पाच दिवसांनी आभाळ कोसळणार नाही. तोवर यादी करा. कुणाला कितव्या पॅसेजच्या दिल्या ते.”

यादी करायला अर्धा तास लागला आणि वाचायला पाच दिवस. पाच जणांना चव्वेचाळिसाव्या पॅसेजच्या, तिघांना अठ्ठेचाळिसाव्या, आणि शेवटची एकच कुपी त्रेपन्नाव्याची. बेचाळीसच्या मास्तरांकडच्या आणि एकसष्टच्या शिकवणीच्या, ह्यांच्यामध्ये कुठंतरी घोटाळा झाला असेल तर झाला असेल. शिकवता शिकवता अक्का मधेच थांबायच्या आणि ओठांतल्या ओठांत आकडे म्हणायच्या. एक्स्प्रेसला वाटलं, आपल्या त्या थट्टेचा हा परिणाम. तो दोन दिवस अगदी सुतासारखा सरळ वागला.

गुरुवारी दुपारी बाराला गुणसूत्रवाल्या बाई स्वतःच खाली आल्या. बोलावल्याशिवाय त्या खाली येत नसत, त्यामुळं अक्का काय ते समजल्या.

“शिकवणीच्या वीस पेशी मोजल्या. विसांच्या विसांत बाराव्या गुणसूत्राच्या तीन प्रती. एकही धड नाही.” त्यांनी दुसरा कागद पुढे केला. “ह्या दुसऱ्या वीस. सगळ्या स्वच्छ. कुणाच्या आहेत?”

“मास्तरांच्या.”

मास्तर चार पावलांवर पिपेट हातात धरून उभे होते. “म्हणजे माझे हात...?”

“तुमच्या हातांना काही झालेलं नाही, मास्तर. पेशी सहा दिवस घेतात, कारण त्यांना सहाच दिवस लागतात. हे मला माहीत होतं एकेकाळी.”

मास्तरांनी पिपेट जागेवर ठेवली, चष्मा काढला आणि तो कोटाच्या बाहीनं बराच वेळ पुसला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

“पण माझी डिश पहिली आली होती!” एक्स्प्रेस म्हणाला.

“पहिली आली म्हणूनच तर,” अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी पाचही जणांना बसवून सगळं सांगितलं. मानाच्या डिशचंही. कुणी हसलं नाही. शिकणाऱ्यांना शिकवणाऱ्याची चूक ऐकायला मिळाली की एरवी आनंदाच्या कोण उकळ्या फुटतात. पण ती त्याच्याच तोंडून आली की काय करावं कळत नाही.

मॅडमच्या खोलीत फोन टेबलाच्या मधोमध ठेवलेला होता. “मी करते,” मॅडम म्हणाल्या. “प्रमुख मी आहे.”

“पेशी मी दिल्यात,” अक्का म्हणाल्या. “तू आकडे दाब आणि शेजारी बस.”

पहिला फोन त्यांनी मुद्दाम सगळ्यांत तिखट माणसाला लावला. हे एका इस्पितळातले ज्येष्ठ सर्जन, हृदयाच्या पेशींवर काम करणारे, चार वर्षांपूर्वी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी अक्कांकडे शिकायला आलेले आणि तीन आठवडे भांडून गेलेले.

“अक्का! बोला. कुणाला रडवताय सध्या?”

अक्कांनी एका दमात सांगून टाकलं. बारावं गुणसूत्र, एकसष्टावा पॅसेज, तुमच्या चव्वेचाळिसाव्याच्या, काम थांबवा, तपासून घ्या, चूक माझी.

पलीकडे हसण्याचा गडगडाट. “अहो, तपासल्यात! आल्या त्या आठवड्यातच तपासल्या, आणि त्यानंतर दोनदा. स्वच्छ आहेत. तुम्हीच जाताना दम भरला होतात ना, मोजल्याशिवाय एकही प्रयोग कराल तर याद राखा म्हणून? माझ्या पोरांनी ते तुमच्या नावानिशी इन्क्युबेटरच्या दारावर चिकटवलंय.”

“मग मला कळवलं का नाहीत?”

“चांगलंच निघालं तर कळवायचं काय? आणि तुम्ही स्वतः तर मोजतच असाल, असं आम्ही धरून चाललो.”

मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. रडत होत्या की हसत होत्या ते अक्कांनी बघितलं नाही. दुसरा फोन लावायचा होता.

दुसरीकडे मोजलेल्या होत्या. तिसरीकडे मोजलेल्या होत्या, वर अहवाल पाठवू का म्हणून विचारलं. चौथ्या ठिकाणी कुपी अजून उघडलीच नव्हती, कारण त्यांचा इन्क्युबेटर अद्याप लाकडी खोक्यात होता, आणि ते सांगताना गृहस्थ इतके ओशाळले की अक्कांनाच त्यांची समजूत काढावी लागली. पाचवीकडे मोजल्या होत्या पण कागद सापडत नव्हता. पंधरा मिनिटांनी सापडला. अठ्ठेचाळीसचे तिघं एकाच इमारतीतले. एकानं मोजल्या होत्या, स्वच्छ निघाल्या होत्या, दोघांनी त्याच्या मोजणीवर भागवलं होतं. अक्कांनी त्या दोघांना तिथल्या तिथं झापलं, आणि झापताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला झापायला उरलेलं तोंड फारसं नाही. तरी झापलं. आठ फोन झाले तेव्हा त्यांच्या छातीवरचं ओझं बरंचसं उतरलं होतं; नववा राहिला होता.

नववी हळूबाई. त्रेपन्नाव्या पॅसेजची एकुलती एक कुपी हिच्याकडे गेली होती. दोन वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, डोळ्याच्या पडद्यावर काम करणारी. आवाज इतका बारीक की अक्का वर्गात म्हणायच्या, बाई, तुझ्यापेक्षा पेशी मोठ्यानं बोलतात. तिनं फोन उचलला नाही. पुन्हा पुन्हा केला, उचलला नाही. चहा आला, थंड झाला. मॅडमनी दुसरा मागवला. अक्कांना दिसत होतं : पाच महिन्यांच्या डिशा, ओळीनं मांडलेल्या, सगळ्या फुकट, आणि ते पोरीला बारीक आवाजात सुद्धा सांगता येणार नाही.

तीन वाजता फोन वाजला.

“अक्का, मी आत होते. तुमचे चार फोन...”

“तुझ्या पेशी,” अक्का म्हणाल्या. “त्रेपन्नाव्याच्या. मोजल्यास का?”

“हो.”

“मग?”

काही ऐकू येईना. मॅडमनी आवाज वाढवायचं बटण दाबलं.

“विसांत चार खराब निघाल्या, अक्का. बारावं गुणसूत्र.”

“कधी मोजल्यास?”

“पाच महिने झाले. आल्याबरोबर.”

“आणि काम? तुझं काम?”

“त्यांच्यावर सुरूच केलं नाही. ब्लीच घालून टाकून दिल्या. मग सर्जनसाहेबांकडून एक कुपी मागून आणली, तुमच्याच पेशींची, चव्वेचाळिसाव्याची. त्या स्वच्छ आहेत. सगळं काम त्यांच्यावर चाललंय.”

अक्कांनी खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली. पाच दिवसांत पहिल्यांदा टेकली असेल. कुणाचंही काही बुडालं नव्हतं. नऊच्या नऊ ठिकाणी कुणाचा एक दिवससुद्धा वाया गेला नव्हता. श्वास असा सुटला की टेबलावरचा यादीचा कागद हलला. मग पुढचा प्रश्न आला, आणि तो विचारल्याशिवाय त्यांना राहवेना.

“पाच महिने तुला माहीत होतं. मला का नाही सांगितलंस गं?”

“तीनदा पत्र लिहिलं, अक्का. आधी वाटलं, माझ्याच हातून बिघडल्या असतील. आणि मग वाटलं...”

“काय वाटलं?”

“की नसतील माझ्या हातून बिघडल्या, तर ते तुम्हाला सांगायचं कुणी?”

“मी काय ओरडले असते का?”

“हो.”

इतक्या स्पष्ट आवाजात हळूबाई जन्मात बोलली नसेल. मॅडम टेबलावरच्या पेनकडे अतिशय लक्षपूर्वक पाहू लागल्या.

“हो,” अक्का म्हणाल्या. “ओरडले असते. नक्कीच ओरडले असते. म्हणाले असते, तुझे हात बघ आधी.” त्यांना हसू यायला लागलं, आणि आलं ते थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. “पोरी, तू शहाणी आहेस. मोजलंस, टाकलंस, दुसऱ्या आणल्यास. मी शिकवलं ते सगळं केलंस. फक्त मला सांगता येईल असं काही मी शिकवलं नाही. तो अहवाल पाठव मला. आणि ती पत्रंही पाठव.”

“पत्रं फाडली, अक्का.”

“मग नवीन लिही. ह्या खेपेला मी घाबरते.”

शुक्रवारी सकाळी अक्कांनी शिकवणीच्या सगळ्या डिशा स्वतः गोळा केल्या आणि एकेकीत ब्लीच ओतलं. माध्यमाचा गुलाबी रंग बघता बघता उडाला. एक्स्प्रेस शेजारी उभा होता. त्याची डिश शेवटची होती.

“काय जोरात वाढल्या होत्या,” तो हळहळला.

“मलाही वाईट वाटतंय,” अक्का म्हणाल्या. “ओत. तुझी तू ओत.”

त्यानं ओतलं. मानाची डिश त्या दिवशी बंद झाली. तिच्या जागी फळ्याच्या कोपऱ्यात दोन आकडे आले, कितव्या पॅसेजला मोजलं आणि पुढचं कितव्याला, आणि शेजारी गुणसूत्रवाल्या बाईंची सही. बाईंनी सही करताना वेळ लावला, एकदा पेन चालत नाही म्हणाल्या, आणि एकूण तो प्रसंग मनसोक्त उपभोगला.

शनिवार हा शेवटचा दिवस. परीक्षा म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या हातानं पेशींची एक वाटणी करून दाखवायची, पण वाटायला पेशी होत्या एकट्या मास्तरांकडे. त्यांची डिश रविवारच्या वाटणीपासून भरत भरत सहाव्या दिवशी, बरोबर वेळेवर, भरली होती. ठरलं असं, की मास्तरांनी पेशींचे झुबके सोडवून सगळ्यांना द्यायचे, आणि पुढचं ज्यानं त्यानं करायचं.

मास्तर निर्जंतुक हवेच्या काचेच्या कपाटासमोर बसले. वहीतलं पान त्यांनी काचेवर बाहेरून टेकवून ठेवलं होतं. द्रव घातला, घड्याळ लावलं, काढून घेतला, नवं माध्यम घातलं. मग पिपेटनं एक-दोन-तीनदा अलगद वर-खाली. हात जडच होते, पण बरोबर ठिकाणी जात होते. अक्का मागं उभ्या होत्या आणि त्यांनी स्वतःचे हात कोटाच्या खिशात कोंबले होते, कारण बाहेर ठेवले असते तर ते पुढे गेले असते.

“तुकडे मोठे झाले का हो?” मास्तरांनी मान न वळवता विचारलं.

अक्कांनी डिश सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बराच वेळ पाहिलं. “जरा मोठे आहेत.”

“मग?”

“मग काही नाही. जगतील. असे काही लहान-मोठे असले तरी चालतात.”

मास्तर वाटायला लागले. डॉक्टरीणबाईंना दिलं, दोघी मुलींना दिलं, एक्स्प्रेसला दिलं. त्यानं डिश प्रकाशाकडे धरून विचारलं, “ह्या भरायला किती दिवस?”

“सहा,” मास्तर म्हणाले.

“पाचात नाही व्हायच्या?”

“सहा,” चौघांनी एका सुरात सांगितलं.

मास्तरांनी स्वतःची डिश भरली आणि पिपेट खाली ठेवणार, तो कपाटात आणखी एक रिकामी डिश सरकून आली. ते बघत राहिले. “ही सहावी कुणाची?”

“माझी,” अक्का म्हणाल्या. “द्या, मास्तर. आणि हात जरा सैल सोडा, मला दोन झुबके जास्त घाला.”